सहलीचं आपत्कालीन सामान: काय न्यायचं, आणि कुणाच्या पाठीवर

दोन लहान मुलं आणि सत्तरीतली आई यांना घेऊन दिवसभर डोंगरात जायचंय, आपत्कालीन सामानात काय भरू, यादी वाढतच चाललीय, असं तुम्ही विचारलंय. यादी छाटा, आणि उरलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या सॅकमध्ये, कुठल्या कप्प्यात राहील ते निघण्याआधी ठरवा.

हे मी ठेच लागल्यावर शिकले. एका टेकडीवरून उतरताना माझी मुलगी घसरली आणि गुडघा चांगलाच फुटला. प्रथमोपचाराची पेटी होती, गच्च भरलेली, पण ती पाऊण तास खाली, गाडीत. रुमालाने जखम दाबून धरली, रक्त थांबलं, पण तेवढ्यात अंधारून आलं. टॉर्च काढली तर आतले सेल गळलेले. उरलेली वाट फोनच्या उजेडात, मुलीला पाठुंगळी घेऊन उतरलो.

म्हणून आता पट्ट्यांची पिशवी माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात असते आणि ते मुलांनाही माहीत आहे. तिच्यात निर्जंतुक गॉझ, दोन रोलर बँडेज, चिकटपट्टी, चिमटा, छोटी कात्री आणि हातमोजे. रक्त वाहत असेल तर गॉझ ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरायचं. थांबलं का हे बघायला मध्ये उचलायचं नाही. टॉर्चऐवजी हेडलॅम्प घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. घरी ठेवताना सेल काढून ठेवा.

लोक सापाला घाबरतात, पण मला मुलांच्या बाबतीत जास्त भीती वाटते ती भिजण्याची. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, आणि लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठतं. प्रत्येक मुलाचा एक कोरडा जोड झिपच्या पिशवीत बंद करून न्या, मोज्यांसकट. आईंसाठीही एक घ्या. चकचकीत पन्नीचं आपत्कालीन ब्लँकेट मुठीत मावतं, पण ते स्वतः ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब अडवतं. त्यामुळे आधी ओले कपडे काढायचे, अंग पुसायचं, मग गुंडाळायचं, आणि खाली सॅक किंवा चटई घालायची. जमीनही ऊब खेचते. कचऱ्याच्या दोन मोठ्या पिशव्या घ्या, डोक्यापुरतं भोक पाडलं की रेनकोट होतो. चेहरा मात्र उघडाच हवा, आणि मुलांच्या हाती या पिशव्या खेळायला देऊ नका.

सर्पदंश झालाच तर चिरा देणं, विष चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी, पैंजण काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा.

औषधांत ओआरएसची पाकिटं आणि पॅरासिटामॉल. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारून बाटलीवरच लिहून ठेवा. घाबरल्यावर आकडे आठवत नाहीत. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको. आईंची रोजची औषधं एका दिवसाची जास्त घ्या आणि नावं कागदावर लिहा. पाणी मध्यम चालीला मोठ्या माणसाला तासाला अर्धा लीटर धरा, ऊन असेल तर जास्त.

प्रत्येक मुलाला शिट्टी द्या. ती सॅकला नाही, गळ्यातही नाही (दोरी अडकू शकते), तर जॅकेटच्या चेनला बांधा. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, हा डोंगरातला मदतीचा संकेत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हरवलो असं वाटलं की आहे तिथेच थांबायचं, शोधायला आम्ही येऊ. हे आम्ही अंगणात खेळ करून शिकवलं, दोनदा.

फोनला रेंज नसेल तर विमान मोडवर टाका, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. कॉल लागत नसेल तर मेसेज करून बघा, तो कधीकधी जातो.

आणि एक कागद घरी राहणाऱ्या माणसाकडे द्या: कुठल्या वाटेने जाणार, किती जण, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर मदत मागायची. ती वेळ दोघांनी मिळून ठरवा, आणि खाली उतरलात की सगळ्यात आधी तो फोन करा.