अमेरिकेचा धर्मस्वातंत्र्य कायदा: शिफारस कोणाची, निर्णय कोणाचा, आणि त्याने काय साधतं

तुमचा प्रश्न असा आहे की दरवर्षी "अमेरिकेने भारताला धर्मस्वातंत्र्याच्या काळ्या यादीत टाकलं" अशी बातमी येते, दोन दिवस चर्चा होते आणि पुढे काहीच घडत नाही. मग हा कायदा आहे तरी काय, आणि त्याला काही अर्थ आहे का? मी न्यू जर्सीत एका वकिलाच्या कचेरीत बरीच वर्षं उर्दू-हिंदी दुभाष्याचं काम केलं. आश्रय मागायला आलेल्यांचे कागद लावायचं कामही माझ्याकडेच असे. हा कायदा मी त्या फायली चाळताना शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती बातमी दुरुस्त करू. १९९८च्या कायद्याने दोन वेगळ्या संस्था उभ्या केल्या आणि आपल्याकडे त्यांची कायम गल्लत होते. एक म्हणजे परराष्ट्र खात्यातलं धर्मस्वातंत्र्य कार्यालय. त्यावर खास राजदूत असतो आणि ते जगभरच्या देशांचा वार्षिक अहवाल काढतं. दुसरा, यूएससीआयआरएफ नावाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्याचा, स्वतंत्र आयोग. त्यात नऊ सदस्य असतात. तीन राष्ट्राध्यक्ष नेमतात, सहा संसदेतले दोन्ही पक्षांचे नेते. हा आयोग फक्त शिफारस करतो. एखाद्या देशाला "विशेष चिंतेचा देश" ठरवायचा, म्हणजेच बातम्यांतल्या त्या काळ्या यादीत टाकायचा, अधिकार कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दिला आहे आणि प्रत्यक्षात तो परराष्ट्रमंत्री वापरतात. आयोगाने भारताचं नाव २००२ ते २००४ या काळात सुचवलं, आणि २०२०पासून पुन्हा दरवर्षी सुचवत आहे. परराष्ट्र खात्याने ते कधीच मान्य केलेलं नाही. म्हणजे तुम्ही वाचता ती बातमी शिफारशीची असते. भारत सरकार हे अहवाल पक्षपाती म्हणून फेटाळतं. आयोगाच्या पथकाला २००९ आणि २०१६ मध्ये आपण व्हिसाही दिला नव्हता.

आता कायदा असा अर्धवट का वाटतो, ते. १९९७ मध्ये फ्रँक वुल्फ आणि आर्लेन स्पेक्टर या अमेरिकी संसद सदस्यांनी मांडलेला मूळ मसुदा फार कडक होता. छळ सिद्ध झाला की निर्बंध आपोआप लागू, अशी त्याची रचना होती. मे १९९८ मध्ये प्रतिनिधीगृहाने तो ३७५ विरुद्ध ४१ मतांनी मंजूरही केला. पण क्लिंटन सरकारला तो नको होता. निर्बंध आपोआप लागू झाले तर वाटाघाटीला जागा उरत नाही, आणि धर्माचा छळ इतर छळांपेक्षा वरचा ठरतो, असं परराष्ट्र खात्याचं म्हणणं होतं. मग सिनेटमध्ये डॉन निकल्स यांचा मवाळ मसुदा पुढे आला. तो ९८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, आणि २७ ऑक्टोबर १९९८ला क्लिंटन यांनी सही केली. त्यात उपायांची एक लांब यादी आहे. खासगीत निषेध नोंदवण्यापासून मदत आणि निर्यात बंद करण्यापर्यंत काहीही निवडता येतं. शिवाय शेवटी "राष्ट्रहितासाठी" सूट द्यायची मुभा आहे.

खरं पाणी मुरतं ते इथे. सौदी अरेबिया २००४पासून यादीत आहे, पण २००६पासून त्याला सूट आहे. पाकिस्तान २०१८ मध्ये यादीत आला, तोही सूट घेऊनच. चीन १९९९च्या पहिल्या यादीपासून आजतागायत आहे. पण त्याच्यावरची "कारवाई" म्हणून दाखवतात ती पोलिसी साधनांची निर्यातबंदी. ती तर तिआनानमेन चौकातल्या हत्याकांडानंतरच लागू झालेली होती. आधीच्या शिक्षेवर नवं नाव चिकटवायची सोय कायद्यातच आहे. केवळ या कायद्याखाली नवा निर्बंध पहिल्यांदा लागला तो २००५ मध्ये, एरिट्रिया या आफ्रिकेतल्या छोट्या देशावर, शस्त्रविक्रीचा. एरिट्रियाशी अमेरिकेचा व्यापार किती आणि चीनशी किती, हे वेगळं सांगायला नको. या अन्यायाचा मला आजही राग येतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइघुर मुसलमानांचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांना २०२० मध्ये खरी झळ बसली ती मॅग्निट्स्की कायद्याखाली (मानवी हक्क तुडवणाऱ्या परदेशी व्यक्तींवर निर्बंध लावणारा वेगळा अमेरिकी कायदा), या कायद्याखाली नव्हे.

तरीही "काहीच होत नाही" हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण व्हिएतनाम आहे.

२००४ मध्ये व्हिएतनाम यादीत गेला. तिथल्या मध्य पठारावरच्या आदिवासी प्रोटेस्टंट ख्रिश्चनांना गावच्या चावडीवर आणून धर्म सोडल्याचं वदवून घेतलं जाई. घरात प्रार्थना भरवली म्हणून पाद्री तुरुंगात जात. त्याच काळात व्हिएतनामला जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं होतं आणि त्यासाठी अमेरिकेची मर्जी हवी होती. धर्मस्वातंत्र्याचे तेव्हाचे खास राजदूत जॉन हॅनफर्ड यांनी हीच वेळ पकडली. निर्बंध लादण्याऐवजी मे २००५ मध्ये त्यांनी करार केला. तो कायद्यातलाच एक पर्याय आहे, पण फारसा कोणी वापरलेला नाही. सक्तीने धर्म सोडायला लावणं व्हिएतनामच्या पंतप्रधानांच्या आदेशाने बेकायदा ठरलं. ठराविक कैदी सुटले, बंद पडलेल्या प्रार्थनागृहांना नोंदणीची वाट मिळाली. नोव्हेंबर २००६ मध्ये, बुश हनोईला जायच्या तोंडावर, व्हिएतनाम यादीतून बाहेर पडला आणि जानेवारी २००७ मध्ये व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

नंतर मात्र पकड ढिली झाली. हवं ते मिळाल्यावर व्हिएतनामला घाई उरली नाही. नोंदणीचे अर्ज पडून राहू लागले, अटका पुन्हा सुरू झाल्या. अखेर २०२२ मध्ये त्याचं नाव "विशेष देखरेख यादी"त आलं. ही दुसरी, सौम्य यादी २०१६च्या दुरुस्तीने आली. तिला फ्रँक वुल्फ यांचंच नाव आहे. त्याच दुरुस्तीने देव न मानणाऱ्यांचं स्वातंत्र्यही कायद्याच्या कक्षेत आलं, याचा मला विशेष आनंद आहे. व्हिएतनामवरून माझं मत असं झालंय की समोरच्याला काहीतरी हवं असतं तेवढ्यापुरताच हा कायदा चालतो.

आपल्या लोकांना आणखी एक कलम माहीत असतं, नाव माहीत नसलं तरी. धर्मस्वातंत्र्याच्या गंभीर भंगाला जबाबदार असलेल्या परदेशी अधिकाऱ्याला व्हिसा नाकारायची तरतूद याच कायद्याने केली. मार्च २००५ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा व्हिसा २००२च्या दंगलींवरून त्याखाली रद्द झाला. तेव्हा दिल्लीत मनमोहन सिंग यांचं सरकार होतं आणि त्यानेही निषेध नोंदवला, हे आज फार जण विसरलेत. पुढे विशेष तपास पथकाने खटला भरण्याजोगा पुरावा नसल्याचं सांगितलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. मोदी तर २०१४लाच पंतप्रधान म्हणून अमेरिकेत येऊन गेले होते. या कलमात सुनावणी नाही, अपील नाही. ज्याचा व्हिसा जातो त्याला आपली बाजू मांडायची जागाच नाही, आणि हा मला कायद्यातला दोष वाटतो, माणूस कोणत्याही पक्षाचा असो.

"अमेरिकेला हा अधिकार दिला कोणी?" असंही तुम्ही विचारलंत. कोणी नाही. पण मोजमाप तिचं एकटीचं नाही. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म पाळायचा, बदलायचा हक्क देतं. तो मसुदा ज्या मानवी हक्क आयोगात घडला त्यात भारताकडून मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या हंसा मेहता होत्या. पहिल्या कलमातलं "सर्व पुरुष" बदलून "सर्व मानव" झालं ते त्यांच्यामुळे. नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. त्यामुळे अहवालातली चूक जरूर दाखवावी, पण तो परक्याने लिहिला एवढ्यावरून फेकून देऊ नये. आणि सरकार बदललं की असली कामं किती लवकर गुंडाळली जातात तेही बघा: कॅनडाने असंच कार्यालय २०१३ मध्ये उघडलं आणि २०१६ मध्ये बंद केलं.

आता माझ्या फायलींकडे येतो. पाकिस्तानातून आलेला एक अहमदिया गृहस्थ होता. हा पंथ स्वतःला मुसलमान मानतो, पण पाकिस्तानचा कायदा त्याला मुसलमान मानत नाही. गाव आणि साल सांगत नाही. तिथे पासपोर्टच्या अर्जावर मुसलमान म्हणून सही करायची तर अहमदियांच्या संस्थापकाला खोटं ठरवणाऱ्या मजकुराखाली करावी लागते, आणि अहमदियाने स्वतःला मुसलमान म्हणवलं तर १९८४पासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे तो मला उर्दूत सांगत होता, मी इंग्रजीत न्यायाधीशांना सांगत होतो. साक्षीदार कोणी नव्हता. भाऊ तिकडेच राहिलेला. सरकारी वकिलाने विचारलं, एक सही करायला काय हरकत होती? तो गप्प झाला. मग आमच्या वकिलांनी परराष्ट्र खात्याच्या वार्षिक अहवालातलं पाकिस्तानचं प्रकरण पुढे केलं. तोच मजकूर, तीच शिक्षा, अमेरिकन सरकारच्याच कागदावर. न्यायाधीशांनी ती पानं मागून घेतली आणि सगळे थांबलेले असताना सावकाश वाचली. त्याला आश्रय मिळाला.

वार्षिक अहवालातली ही देशवार प्रकरणं सर्वांना फुकट वाचता येतात. सुरुवातीची लोकसंख्येची माहिती सोडून थेट दुसऱ्या भागात जा, तिथे त्या देशाचा कायदा आणि सरकारचं वागणं दिलेलं असतं. चौथा भाग अमेरिकेने काय केलं त्याचा. व्हिएतनामची २००५ आणि २००६ची प्रकरणं शेजारी ठेवून वाचलीत तर मी वर लिहिलेला बदल तुम्हाला स्वतःला दिसेल.