पोरस कार्बन वापरला की कार्बाइडचे कण लहान राहतात का?

प्रश्न : सर, मी एमएससी केमिस्ट्रीला आहे. मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि कार्बन पावडर एकत्र कुटून भट्टीत तापवली की कार्बाइड (धातू आणि कार्बनचं संयुग) होतं, पण कण चिकटून मोठे होतात. गाइड म्हणतात पोरस, म्हणजे बारीक छिद्रं असलेला, कार्बन घे. त्याने खरंच साइज हातात राहते का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : राहते, पण नुसता पोरस कार्बन आणून भागत नाही. कार्बाइड व्हायला साधारण 700 डिग्री किंवा जास्तच तापवावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत मोकळे कण एकमेकांत मिसळून वाढणारच. छिद्रात जन्मलेल्या कणाला मात्र भिंती अडवतात, आप्पेपात्रातल्या खळग्यासारख्या, आणि कार्बनसुद्धा तीच भिंत पुरवते. म्हणून 2 ते 50 नॅनोमीटर छिद्रांचा, म्हणजे मेसोपोरस कार्बन घ्या, अमोनियम हेप्टामॉलिब्डेट (मॉलिब्डेनमचा क्षार) पाण्यात विरघळवा आणि छिद्रांत मावेल तेवढंच द्रावण थेंबथेंब मुरवा.

खरी गोम पुढेच आहे. छिद्र फक्त कमाल साइज ठरवतं. पाणी उडाल्यावर हा क्षार छिद्राच्या थोड्याच भागात उरतो, त्यामुळे कण त्याहून किती लहान होणार हे द्रावण किती दाट होतं त्यावर जातं. घाईत वाळवलं तर क्षार बाहेरच्या पृष्ठभागावर येतो आणि तिथे अडवायला भिंतच नाही, मग तुमचा जुनाच त्रास परत.

आणि हिशोब बघा, मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडच्या 2 मोलला कार्बनचे 7 मोल लागतात, त्यातले 6 कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातात, कार्बाइडमध्ये एकच राहतो! म्हणजे भिंत खाल्ली जातेय, धातू जास्त भरला तर ती ढासळते आणि शेजारचे कण एकत्र येतात. म्हणून धातू कमीच भरा, हळू तापवा. कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे, भट्टीचा आउटलेट फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) सोडा, यात अजिबात हयगय नको.

एवढा खटाटोप कशाला, तर 50 नॅनोमीटरचा कण 5 चा झाला की ग्रॅममागे पृष्ठभाग 10 पट होतो, आणि कॅटॅलिसिस, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देण्याचं काम, पृष्ठभागावरच होतं. या कामात टंगस्टन कार्बाइड प्लॅटिनमसारखं वागतं हे लेव्ही आणि बूडार या संशोधकांनी 1973 मध्ये दाखवलं, तेव्हापासून लोक कार्बाइडच्या मागे आहेत.

साइज एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या चाचणीवरून) काढाल तेव्हा तेवढ्यावर थांबू नका, तिथे सरासरीच मिळते, बाहेर वाढलेले मोठे कण टीईएममध्येच (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दिसतील. आणि सॅम्पल भट्टीतून काढून लगेच उघड्या हवेत नेऊ नका, ताजं कार्बाइड पेट घेऊ शकतं, आधी थंड झाल्यावर 1 टक्का ऑक्सिजन असलेला नायट्रोजन काही तास सोडा.