आईविना पहिला सण

प्रश्न : आई गेल्यानंतरचा हा पहिला सण. नेहमीसारखं सगळं करायला मन धजत नाही, काहीच न करणंही सोसवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, नेहमीसारखं सगळं करूच नका. आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ साली संक्रमणविधींचे, म्हणजे आयुष्याच्या एका अवस्थेतून दुसरीत जाताना होणाऱ्या विधींचे, तीन टप्पे मांडले: जुन्यापासून वेगळं होणं, उंबरठ्यावर असणं, नव्यात सामावणं. तुम्ही अजून उंबरठ्यावर आहात, तिथून कुणी घाई केली तर ऐकू नका. आईचं एकच काम निवडा, तिच्याच वेळेला, स्वतःच्या हातांनी करा. मी सणाच्या सकाळी वडिलांच्या पेनाने त्यांना पत्र लिहिते. घरातलं बरंवाईट, सगळं. रडू येतं, येऊ देते. भावंडांना विचारा, पण त्यांच्यावर सक्ती नको. पुढच्या वर्षी वेगळं करावंसं वाटलं तर खुशाल बदला.