वाचक विचारतात : कथेतलं अंतराळनगर, त्याचा नकाशा आणि हिशेब

विज्ञानकथा लिहिणाऱ्या वाचकांनी फिरत्या, महाकाय अंतराळनगरांबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. कथा काल्पनिक असली तरी त्यातलं नगर हिशेबाला टिकलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं. सुदैवाने हा हिशेब शाळेतल्या गणितापलीकडे फारसा जात नाही.

प्रश्न (सातारा) : माझ्या कथेतलं स्थानक ५० मीटर त्रिज्येचं चक्र आहे. त्यात १०,००० माणसं राहतात आणि त्यांना पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. हे शक्य आहे का?

वजन देता येईल, माणसं मावणार नाहीत. आधी वजनाचं पाहू. चक्र फिरलं की आतली माणसं बाहेरच्या कडेवर दाबली जातात, तेच त्यांना वजन वाटतं. एक आकडा पाठ करून ठेवा : ८९५. मिनिटाला जितके फेरे, त्यांच्या वर्गाने ८९५ ला भागलं की पृथ्वीइतक्या वजनासाठी लागणारी त्रिज्या मीटरमध्ये मिळते. एका फेऱ्याला ८९५ मीटर, दोन फेऱ्यांना २२४, चार फेऱ्यांना ५६. तुमच्या चक्राला मिनिटाला सव्वाचार फेरे घ्यावे लागतील. मिनिटाला दोन फेरे बहुतेकांना सोसतात. चारच्या पुढे मान वळवली तरी गरगरायला लागतं, कारण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांना एकाच वेळी दोन दिशांचं फिरणं जाणवतं.

आता जागा. १९७५ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्राने स्टॅनफर्ड विद्यापीठाबरोबर उन्हाळी अभ्यासगट भरवला होता. त्यात १०,००० माणसांच्या चक्राचा पूर्ण आराखडा झाला. त्यांनी शेती धरून माणशी सुमारे ६७ चौरस मीटर जागा दिली. त्या मापाने तुमच्या लोकांना ६,७०,००० चौरस मीटर लागतील. तुमच्या चक्राचा परिघ जेमतेम ३१४ मीटर आहे, म्हणजे पट्टा दोन किलोमीटरहून रुंद करावा लागेल. मग ते चक्र राहत नाही, लांबच लांब नळी होते आणि पुढच्या उत्तरातली अडचण उभी राहते. त्या अभ्यासगटाचं चक्र १,७९० मीटर व्यासाचं होतं, त्याची पोकळ नळी १३० मीटर जाड आणि फिरणं मिनिटाला एक फेरा. कथेत १०,००० माणसं हवीच असतील तर या मापांच्या आसपास राहा. ५० मीटर त्रिज्या सोडवत नसेल तर लोकसंख्या शंभर-दीडशेवर आणा आणि वजन पृथ्वीच्या निम्मं ठेवा. फेरे तीनवर येतील.

प्रश्न (नागपूर) : चक्र, गोल की लांब नळकांडं? कोणता आकार घ्यावा?

तिन्हींना जुनी परंपरा आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी १९२९ मध्ये १६ किलोमीटर व्यासाचा पोकळ गोल मांडला. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी १९७४ पासून नळकांड्यांची कल्पना पुढे नेली. त्यांचं सर्वांत मोठं नगर साडेसहा किलोमीटर व्यासाचं आणि ३२ किलोमीटर लांब होतं.

लांब नळकांडं लांबीच्या अक्षाभोवती फिरवण्यात मोठा धोका आहे. पदार्थ थोडा जरी लवचीक असला, आत पाणी हिंदकळत असलं, तरी फिरण्यातली ऊर्जा हळूहळू झिजते आणि ती वस्तू सर्वाधिक जडत्वाच्या अक्षाकडे वळते. म्हणजे नळकांडं आडवं होऊन गोते खायला लागतं. १९५८ मध्ये अमेरिकेच्या एक्सप्लोरर-१ उपग्रहाचं असंच झालं. तो लांबट होता, लांबीच्या अक्षाभोवती फिरवून सोडला होता, पण लवचीक अँटेनांमुळे ऊर्जा झिजली आणि तो काही तासांत गोते खाऊ लागला. ओ'नील यांच्या आराखड्यात उलटसुलट फिरणारी दोन नळकांडी एकमेकांना जोडलेली होती. तुमच्या कथेत एकटंच लांब नळकांडं वर्षानुवर्षं शांतपणे फिरत असेल तर जाणता वाचक तिथेच अडेल.

आमची पसंती बुटक्या नळकांड्याला. २००७ च्या सुमाराला ॲल ग्लोबस, नितीन अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्पना चावला यांच्या नावाने 'कल्पना वन' हा आराखडा मांडला. त्रिज्या २५० मीटर, लांबी ३२५ मीटर, वस्ती ३,०००, मिनिटाला दोन फेरे. लांबी त्रिज्येच्या १.३ पटीत ठेवल्याने ते आपल्या अक्षावर स्थिर राहतं. पुढच्या उत्तरांतही आम्ही हेच माप धरलं आहे, कारण मराठी कथेला झेपेल इतकं ते लहान आहे आणि गाव वाटावं इतकं मोठं.

प्रश्न (ठाणे) : भिंत किती जाड ठेवावी? माती, इमारती, तळी यांचं वजन कसं धरायचं?

नवे लेखक मातीचा विचार करतात आणि हवेला विसरतात. खरा भार हवेचा असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन. बाहेर पोकळी असल्याने हा सगळा जोर भिंतीवर आतून पडतो. दीड मीटर माती घातली तर तिचं वजन चौरस मीटरला अडीच टनांच्या आत येतं. तुमचं तळं, वाडा, आंब्याची झाडं मिळूनही बहुधा हवेच्या मागेच राहतील.

हिशेब असा. दाबाला त्रिज्येने गुणा, पदार्थ सुरक्षितपणे सोसेल त्या ताणाने भागा. २५० मीटर त्रिज्या, पूर्ण वायुदाब आणि २०० मेगापास्कल (पास्कल हे दाब आणि ताण मोजण्याचं एकक) ताणाचं पोलाद धरलं, त्यातला सुमारे दहावा हिस्सा पोलादाच्या स्वतःच्या वजनाला सोडला, की जाडी येते १४ सेंटिमीटर. माती धरून साडेसतरा. नुसत्या हवेसाठीच्या गोल भिंतीचं पोलाद साडेपाच लाख टनांच्या पुढे जातं. दोन्ही टोकांची झाकणं वेगळी.

वैश्विक किरणांपासून बचाव करायला कवच लागतं. १९७५ च्या आराखड्यात चंद्राच्या मातीतून धातू काढून उरलेल्या मळीचं १.७ मीटरहून जाड कवच होतं, एकूण जवळजवळ एक कोटी टन. ते चक्राबरोबर फिरवलं असतं तर त्याचंही वजन भिंतीवर आलं असतं, म्हणून ते बाहेर स्थिर ठेवून आत चक्र फिरवायचं ठरलं. कागदावर हे सुरेख दिसतं, पण चक्राचा कडेचा वेग ताशी ३३७ किलोमीटर आणि मधली फट जेमतेम दीड मीटर. एखादा आधार वाकला, चक्र जरा डगमगलं, की कड कवचावर घासणार. कथेला थरारक प्रसंग हवा असेल तर तो इथे आहे. घासू न देता कवच फिरवायचं असेल तर आमच्या नमुन्यात चौरस मीटरला आणखी दहा टन धरा. भिंत ३१ सेंटिमीटरपर्यंत जाईल.

त्रिज्या वाढवत नेली तर एक वेळ अशी येते की भिंत स्वतःच्याच वजनाने सुरक्षित मर्यादा गाठते. वरच्या पोलादासाठी ती हद्द २,६०० मीटर त्रिज्येवर आहे. तिथे हवा भरायलाही ताकद शिल्लक उरत नाही. त्याहून मोठं नगर हवं असेल तर अधिक बळकट तारा किंवा कर्बतंतू वापरल्याचं कथेत एका वाक्यात सांगून टाका.

भिंत पातळ करायची तर हवेचा दाब कमी करा. १९७५ च्या गटाने तो निम्मा, ५१.७ किलोपास्कल ठेवला होता आणि त्यात ऑक्सिजनचा दाब पृथ्वीच्या जवळपास, २२.७. श्वासाला अडचण नाही. पण मग हवेत ऑक्सिजनचा वाटा ४४ टक्के होतो आणि आग भराभर पसरते, म्हणून पडदे, गाद्या, तारांची वेष्टनं सगळी न पेटणारी लागतात. शिवाय पाणी ८२ अंशांलाच उकळतं. तुमच्या नायिकेची तूरडाळ उघड्या पातेल्यात नीट शिजणार नाही. कुकर लावूनही नेहमीपेक्षा एखादी शिट्टी जास्त द्यावी लागेल.

प्रश्न (बेळगाव) : नायक कडेच्या वस्तीतून लिफ्टने मध्यभागी जातो. त्याला काय जाणवेल? हळूहळू हलकं वाटणं पुरेसं आहे का?

नाही, आणि हा प्रसंग नीट लिहिला तर वाचकाला नगर फिरतंय हे पहिल्यांदा अंगावर जाणवतं. इथे २५० मीटरऐवजी, दोन फेऱ्यांत बरोबर पृथ्वीइतकं वजन देणारी २२४ मीटर त्रिज्येची जमीन धरू. कडेला उभा असलेला माणूस ताशी १६९ किलोमीटर वेगाने फिरत असतो. मध्यभागी तो वेग शून्य. वर जाताना हा आडवा वेग कुणीतरी काढून घ्यायला हवा आणि ते काम लिफ्टची बाजूची भिंत करते. त्यामुळे वर जाणारा माणूस नगर ज्या दिशेला फिरतंय त्या बाजूच्या भिंतीवर दाबला जातो. खाली येताना समोरच्या भिंतीवर.

लिफ्ट सेकंदाला पाच मीटर गेली तर हा आडवा रेटा वजनाच्या २१ टक्के असतो आणि तो वाटभर तितकाच राहतो. खालचं वजन मात्र कमी होत जातं. सुरुवातीला जमीन १२ अंश कलल्यासारखी वाटते. मध्यापासून ४८ मीटरवर दोन्ही सारखे होतात, जमीन ४५ अंश तिरकी. शेवटच्या दहा मीटरांत भिंत हीच जमीन झालेली असते. हातातल्या कपातला चहा कडेवरून सांडतो, पायाशी ठेवलेली पिशवी सरकत भिंतीला जाते. म्हणून कल बघून आपोआप वळणारी पाळण्यासारखी टांगती खोली द्या, किंवा वेग सेकंदाला एक मीटर ठेवा. प्रवासाला पावणेचार मिनिटं लागतील, पण रेटा चार टक्क्यांवर येईल. रुग्णांसाठी आणि मालासाठी संथ लिफ्ट वेगळी ठेवावी. त्या लिफ्टमध्ये या समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना गादी आणि कठडा हवाच.

प्रश्न (मडगाव) : उल्का लागून भिंतीला भोक पडतं आणि दोन मिनिटांत सगळी हवा जाते. हे चुकीचं आहे का?

लहान यानात बरोबर, नगरात चूक. 'कल्पना वन'च्या मापाच्या नगरात ७६,००० टनांवर हवा असते. एक चौरस मीटरच्या भोकातून सेकंदाला जास्तीत जास्त २४० किलो हवा बाहेर पडते. दाब एक दशांशाने उतरायला नऊ तास लागतात. भोक एक चौरस सेंटिमीटरचं असेल तर दिवसाला दोन टन जातात, ते तर महिनाभर कुणाच्या लक्षातही येणार नाही. धोका भोकाच्या तोंडाशी असतो : तिथला वारा माणसाला ओढून नेईल. दुसरा धोका चीर वाढत जाण्याचा. म्हणून भिंतीत ठराविक अंतरावर आडव्या पट्ट्या जोडतात, चीर तिथे येऊन थांबते.

धूर मात्र खरोखर घाईचा विषय आहे. गरम हवा मध्याकडे चढते, म्हणजे कुठेही आग लागली तरी धूर अक्षाजवळ साठणार. यानांचा धक्का तिथेच, आणि सुटकेची वाटही तिथेच. त्या भागाला स्वतःची हवा आणि आपोआप मिटणारी दारं द्या.

प्रश्न (औरंगाबाद) : अंतराळयानं नगराला कुठे येऊन लागतात?

अक्षावर. मिनिटाला दोन फेरे म्हणजे सेकंदाला १२ अंश. यान तितकंच गिरकी घेत सरळ आत येतं. न फिरणारा धक्का जोडायचा मोह टाळा. फिरत्या सांध्यातून हवा गळते आणि तो झिजतो. नगराचा तोलही सांभाळा : साठ लाख टनांच्या नगरात २,००० टन पाणी एकाच बाजूच्या टाकीत राहिलं तर फिरण्याचा अक्ष साडेसात सेंटिमीटर सरकतो. समोरासमोरच्या टाक्यांतून पाणी सतत इकडून तिकडे खेळवावं लागतं.

प्रश्न (सोलापूर) : उष्णता कशी घालवायची? अंतराळ थंड असतं ना?

पोकळीत वारा नाही, त्यामुळे उष्णता फक्त किरणांनी जाते. २७ अंशांचा पत्रा दोन्ही बाजूंनी चौरस मीटरला सुमारे ८०० वॅट टाकतो. ३,००० माणसांना शेतीच्या दिव्यांसह माणशी ५० किलोवॅट धरले तर १९ हेक्टर पत्रे लागतात. ते सूर्याकडे कड करून उभे ठेवा आणि एकमेकांसमोर आणू नका, नाहीतर एकाची उष्णता दुसरा पिईल. चित्रात हे पंख न दाखवलेलं नगर आम्हाला अपुरं वाटतं.

प्रश्न (डोंबिवली) : घरं आणि खोल्यांची मांडणी पृथ्वीसारखीच करू का?

बरीचशी, पण दिशा सांभाळून. मेजं अशी लावा की बसणाऱ्याचं तोंड फिरण्याच्या दिशेला किंवा बरोबर उलट असेल. तेव्हा वरखाली मान हलवली तर त्रास नाही, कारण मान नगराच्याच अक्षाला समांतर फिरते. डावी-उजवीकडे झटकन वळवली की गरगरतं. त्यामुळे नियंत्रणकक्षातले पडदे शेजारी-शेजारी न लावता एकाखाली एक लावा. पलंग अक्षाला समांतर असावेत, म्हणजे झोपेत कूस बदलली तरी डोकं त्याच अक्षाभोवती फिरतं.

मोठ्या दालनांची फरशी मात्र सपाट करू नका. २२४ मीटर त्रिज्येवर ५० मीटर लांबीची सरळ फरशी टाकली तर तिचा मधला भाग अक्षाच्या १.४ मीटर जवळ येतो, म्हणजे रहिवाशांच्या लेखी तो उंचवटा होतो. टोकांना सहा अंशांहून जास्त उतार जाणवतो. सांडलेलं पाणी दोन्ही टोकांना पळेल. फरशी परिघाच्या वळणाने घाला, डोळ्यांना ती खोलगट दिसली तरी पायांना समतल लागेल. अक्षाच्या दिशेला लांब असलेल्या दालनाला ही अडचण नाही. नाट्यगृह, बाजार, शाळेची सभा तिकडे लांबट करा.

खेळाचं मैदानही त्याच दिशेला. दोन मीटरवरून सोडलेला चेंडू इथे फिरण्याच्या उलट बाजूला १८ सेंटिमीटर सरकून पडतो. ८९५ मीटरच्या चक्रात ९. फिरण्याच्या दिशेला सेकंदाला तीन मीटर पळणारं मूल १३ टक्के जड होतं, परत येताना १२ टक्के हलकं. इथे वाढलेल्या मुलांचा हात याला सरावलेला असेल, आणि पृथ्वीवरून आलेल्या पाहुण्याचा झेल मात्र सुटेल.