आधी जूनमधली माणसं मोजा

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे निवृत्त कृषी सहाय्यक असून कुडाळ तालुक्यात राहतात.)

प्रश्न : आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. यंदा गणपतीत गावी सभा झाली आणि आधुनिक शेतीतून गावाचा विकास करायचा असं ठरलं. वर्गणीही बऱ्यापैकी जमली आहे. पण कोणी म्हणतं पॉलिहाऊस उभारा, कोणी ड्रोन घ्या म्हणतं, कोणाला लगेच शेतकरी कंपनी काढायची आहे. आराखडा कसा करावा?
– एक वाचक, डोंबिवली (मूळ गाव राजापूर तालुका)

भाऊ, कळसाला सोन्याचा मुलामा सोडून शेतीसाठी वर्गणी निघाली, याबद्दल आधी अभिनंदन. आता तुम्हाला आवडणार नाही असं लिहितो.

आराखड्याचा पहिला कागद मी पैशाचा मागणार नाही, माणसांचा मागेन. एक वही घ्या आणि वाडीवार यादी करा. जूनमध्ये, लावणीच्या आठवड्यात, गावात कोण असतं? वय किती? वाकून काम होतं का? ग्रास कटर कोणाला चालवता येतो? गणपती-शिमग्याला येणाऱ्यांची यादी मागच्या पानावर करा, या पानावर ती नावं नकोत. माझ्या वाडीत तरवा (भाताची रोपं) काढायला ज्या बायका येतात त्यातली सगळ्यांत तरुण पन्नाशीची आहे. तुमच्याकडे वेगळं असेल तर आनंदच आहे, पण तपासून घ्या. पंधरा माणसं भरली तर पंधरा माणसांचंच काम धरायचं. कोकणात फसलेल्या योजना मी नोकरीभर पाहिल्या. बहुतेकींत पैसे होते, रोपं होती, फलकही होता, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नव्हतं.

पॉलिहाऊसचा विचार सध्या बाजूला ठेवा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर वारा. ३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्याच मे महिन्यातलं तौक्ते विसरलात का? ड्रोनचंही तेच. पाच-पाच गुंठ्यांच्या कोपऱ्यांवर तो उडवायचा कुठे आणि बॅटऱ्या वाहायच्या कोणी?

पाण्यापासून सुरुवात करा. एवढा पाऊस पडून फेब्रुवारीत पऱ्या (ओहोळ) आटतो, कारण जांभा पाणी धरत नाही आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्यांचा बांध, हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि इथे मुंबईकरांचा खरा उपयोग आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतात, त्या डोंबिवलीत बांधकामांवर ढिगाने पडलेल्या असतात. जमवा आणि पाठवा. गोणी पाऊण भरायची, गच्च भरली की ती एकमेकींवर बसत नाही आणि फटीतून पाणी सुटतं. तोंड सुतळीने शिवायचं, विटांसारखे सांधे चुकवत थर लावायचे, पाण्याच्या बाजूने माती चोपायची. गणपतीत हे काम काढू नका, तेव्हा पऱ्याला ओढ असते, बंधारा वाहून जातो. दिवाळीत या. आणि पावसाआधी गोण्या काढून घ्यायची जबाबदारी कोणाची, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा.

मग फेब्रुवारीच्या अखेरीस पाणी मोजा. पऱ्यात मातीचा छोटा आडवा बांध घालून त्यातून पाईपचा तुकडा काढा, खाली पंधरा लिटरची बादली लावा, मोबाईलमध्ये सेकंद पाहा. बादली तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर, तासाला १,८०० आणि दहा तासांत १८,००० लिटर. उन्हाळी भाजीला ठिबकवर गुंठ्याला दिवसाला साधारण ४०० ते ५०० लिटर धरा. म्हणजे हे पाणी चाळीस गुंठ्यांचं. तेवढंच क्षेत्र घ्यायचं, मल्चिंग पेपर आणि ठिबक त्यावरच टाकायचं. कलिंगड घ्या, मिरची घ्या, ज्याला हायवेवर गिऱ्हाईक आहे ते घ्या. आधुनिक शेती म्हणतात ती इथे सुरू होते, बादलीपासून.

भाताला हात लावायचाच असेल तर चारसूत्री बघा. डॉ. नारायण सावंत यांनी ही पद्धत बसवली. भाताचं तूस जाळून त्याची राख तरव्यात, गिरिपुष्प या झाडाचा पाला चिखलणीत, दोऱ्यावर १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून लावणी, आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे गोळी, खोल दाबायची. गुंठ्याला ६२५ ब्रिकेट, वजनाने पावणेदोन किलोच्या आत. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, नंतर पुन्हा टाकावं लागत नाही, उत्पन्न वाढतं. एक गोष्ट मात्र पुस्तिकेत ठळक छापत नाहीत : ६२५ वेळा वाकावं लागतं. म्हणून सगळ्या मळ्यात नको. पहिल्या वर्षी रस्त्याकडच्या, सगळ्यांच्या नजरेत येणाऱ्या एका कोपऱ्यात करा. बाकीच्यांना बोलवायला लागणार नाही, जाता-येता बांधावर थांबून बघतीलच.

यंत्रं गावाच्या मालकीची ठेवा. पॉवर टिलर एक, ग्रास कटर दोन. चालवायला गावात राहणारा एक पोरगा नेमा, तासाचा दर ठरवा, दरातले थोडे पैसे दुरुस्तीच्या डब्यात टाका. त्याला काम नसलेल्या महिन्यांतही पगार मिळेल एवढी तजवीज मंडळाने वर्षभर करावी. वर्गणीचा यापेक्षा चांगला वापर मला सुचत नाही. तो पोरगा गोव्याला हॉटेलात गेला की यंत्रं मांगरात (शेतातल्या खोपटात) गंजणार.

कंपनीची घाई नको. कायद्याने दहा उत्पादक आणि पाच संचालक पुरतात, नोंदणी अवघड नाही. पण पुढे दरवर्षी ऑडिट, विवरणपत्रं, सीएची फी. त्याआधी दोन हंगाम गट म्हणून माल विकून दाखवा. गिऱ्हाईक शोधायला लांब जाऊ नका, तुमचं मंडळच गिऱ्हाईक आहे. प्रत्येक घराने वर्षाचे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि आंब्याची पेटी गावातून, बाजारभावाने, रोख घेतली तर गावात वर्गणीपेक्षा जास्त पैसा येईल. घासाघीस करायची नाही. दादरला करता का?

आणखी एक. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास हलायला लागतो. ग्रामसभेत मत गावच्या मतदारयादीत नाव असलेल्याचं. तुमची नावं मुंबईच्या यादीत असतील तर ठराव गावातल्यांनीच मांडला पाहिजे. त्यांना आधी विचारलंत का, हे तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही.

प्रश्न : आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. परतफेड वेळेवर असते. बँक कर्ज द्यायला तयार आहे आणि आम्हाला काजू प्रक्रिया सुरू करायची आहे. कोणतं मशीन घ्यावं?
– बचत गटाची सचिव, सावंतवाडी तालुका

ताई, मशीन विकणारा तुम्हाला मशीनचाच हिशोब सांगेल. मी बीचा सांगतो.

साधारण चार किलो बीतून एक किलो गर मिळतो. समजा बी १५० रुपये किलोने घेतलीत, तर गराच्या किलोमागे ६०० रुपये आधीच गेले. त्यावर फोडणी, वाळवणं, साल काढणं, वीज, पिशवी. आता वर्षाचं बघा. रोज फक्त २५ किलो बी फोडायची म्हटली, वर्षात २५० दिवस, तर ६,२५० किलो बी लागते. म्हणजे ९ लाख ३७ हजार रुपयांच्या वर. आणि ही बी मिळते फेब्रुवारी ते मे, रोखीने. पैसे तेव्हा हातात नसतील तर मशीन गणपतीपर्यंत चालतं आणि मग त्यावर कापड पडतं. बँकेकडे जाताना मशीनपेक्षा खेळत्या भांडवलाचं आधी बोला. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत यंत्रसामग्रीला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकीमागे ४० हजार रुपये बीजभांडवल अशी तरतूद आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

माझं ऐकाल तर पहिला हंगाम फोडूच नका. बी गोळा करा, चांगल्या उन्हात वाळवा, आकाराप्रमाणे निवडा आणि एकत्र विका. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची एक बी जवळपास दहा ग्रॅमची असते. गावठीत मिसळून ती व्यापाऱ्याला दिली की तुम्हाला भाव गावठीचा मिळतो आणि निवडून तो कमावतो. हे निवडण्याचं काम तुम्ही पडवीत बसून करू शकता, त्याला कर्ज लागत नाही. शिवाय कोणाच्या बागेत किती आणि कसली बी निघते, हे एका हंगामात वहीत येईल. पुढे मशीन केवढं घ्यायचं ते त्या वहीवरून ठरवा.

फोडायला लागाल तेव्हा दोन गोष्टी. अख्खा गर आणि पाकळी (दुभंगलेला गर) यांच्या भावात मोठा फरक असतो, म्हणून बी वाफवून पुरती निवल्याशिवाय फोडू नका, आणि हात बसेपर्यंत किलोंच्या मागे लागू नका. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २४० पर्यंत अख्खे गर, हे गटातल्या प्रत्येकीला मोजून दाखवा, नाहीतर प्रतवारीवरून भांडणं होतात. दुसरं, टरफलातलं तेल कातडी सोलवटतं. हाताला तेल लावून वर हातमोजे घालाच. अंगणवाडीच्या पोरांना जवळ बसवू नका.

नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री तुम्ही पाळता असं दिसतं. व्यवसायाची वही मात्र बचतीच्या वहीपासून वेगळी ठेवा. गट मोडले ते मी बहुतेक इथेच मोडताना पाहिले.

प्रश्न : वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत काजू आणि कोकम लावायचं आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातले तीन वारलेले. अनुदान मिळेल का?
– एक शेतकरी, लांजा तालुका

आधी वारसनोंद करा, तलाठ्याकडे. मेलेल्या माणसाचं संमतीपत्र आणता येत नाही. बाकीच्यांनी संमती दिली तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणात दहा गुंठ्यांपासून दहा हेक्टरपर्यंत लागवड बसते. अनुदान तीन वर्षांत, ५०, ३० आणि २० टक्के असं, आणि झाडं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटपच करून घ्या. मे महिन्यात भाऊबंद गावी असतात, तेव्हाच सह्या घ्या. फोनवर सगळेच हो म्हणतात.

कोकमाची कलमंच घ्या. बियांच्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात.

प्रश्न : माकडांनी ना भाजी सोडली, ना नारळ. गावाने काय करावं?
– एक वाचक, गुहागर तालुका

पूर्ण बंदोबस्त होईल असं औषध माझ्याकडे नाही. फटाके, जाळ्या, कुत्री, सगळं चार दिवस चालतं. गावाने एक करता येईल : भाजी-कलिंगड वेगवेगळ्या परड्यांत (घरामागच्या जागांत) न लावता सलग एकाच जागी लावा आणि राखण वाडीवार पाळीने ठेवा. एकट्याने राखण परवडत नाही. परड्यात हळद, सुरण, मिरी लावा, त्यांना माकडांचा त्रास कमी. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका, आणि अर्ज एकेकट्याने न देता वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी द्या, म्हणजे पंचनाम्याला एका खेपेत माणूस येतो.