आलेख नेमका कुठे बिघडतो? मॅटप्लॉटलिबविषयी वाचकांचे प्रश्न

पायथनमध्ये काम करणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या मुक्तस्रोत लायब्ररीविषयी आहेत. आलेख बिघडला की आपण साहजिकच आलेख काढणाऱ्या कोडकडे बोट दाखवतो. दोष मात्र कधी त्याच्या आधीच्या माहितीत असतो, कधी नंतरच्या फॉन्टमध्ये किंवा फाइलच्या प्रकारात. तो कोणत्या थरात आहे हे आधी ठरवले तर निम्मा वेळ वाचतो, म्हणून खालच्या उत्तरांत शक्य तेथे आधी तोच शोध घेतला आहे.

प्रश्न : मराठवाड्यातील पावसावरच्या प्रबंधासाठी मी आलेखांना मराठी शीर्षके देते. सुरुवातीला अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येत होते. देवनागरी फॉन्ट निवडल्यावर ‘मराठवाडा’ आणि ‘सरासरी’ हे शब्द नीट उमटले, पण ‘जिल्हानिहाय’ आणि ‘पर्जन्यमान’ मोडकेच दिसतात. इतर फॉन्ट वापरूनही फरक पडला नाही. (संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

आपण दिलेले चार शब्द दोषाचे निदान करायला पुरेसे आहेत. येथे दोन वेगळ्या अडचणी एकामागून एक आल्या आहेत.

पहिली अडचण फॉन्टची होती. मॅटप्लॉटलिबचा ठरलेला फॉन्ट डेजाव्हू सॅन्स आहे आणि त्यात देवनागरी अक्षरे नाहीत, म्हणून चौकोन आले. अशा वेळी लायब्ररी एक वॉर्निंगही देते आणि तीत न सापडलेल्या अक्षराचा क्रमांक असतो. २३५० हा आकडा दिसला असेल, तर तो ‘म’चा युनिकोड क्रमांक आहे. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने तयार केलेला मुक्ता यांसारखा फॉन्ट निवडला की ही अडचण संपते. फॉन्ट नुकताच संगणकावर टाकला असेल आणि तो सापडत नसेल, तर लायब्ररीने साठवून ठेवलेली फॉन्टची जुनी यादी हे त्याचे नेहमीचे कारण असते. फॉन्ट मॅनेजरमधील ‘अ‍ॅडफॉन्ट’ या फंक्शनला फाइलचा पूर्ण पत्ता दिला की काम भागते. आवृत्ती ३.६ पासून एकाऐवजी फॉन्टची यादी देता येते, त्यामुळे देवनागरीसाठी एक आणि रोमन अक्षरांसाठी दुसरा फॉन्ट एकाच शीर्षकात चालतो. ऋण चिन्हाच्या जागी चौकोन येत असेल, तर ‘अ‍ॅक्सेस.युनिकोड_मायनस’ ही सेटिंग बंद करावी, कारण गणितातले ऋण चिन्ह आणि कीबोर्डवरची आडवी रेघ ही युनिकोडमध्ये दोन वेगळी चिन्हे आहेत आणि प्रत्येक फॉन्टमध्ये पहिले असतेच असे नाही.

दुसरी अडचण फॉन्ट बदलून सुटणारी नाही. ‘मराठवाडा’ आणि ‘सरासरी’ या शब्दांत जोडाक्षर नाही, रफार नाही आणि पहिली वेलांटी नाही; त्यांतली चिन्हे ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडली तरी शब्द बरोबर दिसतो. ‘जिल्हानिहाय’मध्ये वेलांटी ‘ज’च्या नंतर साठवलेली असते, पण दिसायला हवी ‘ज’च्या आधी. मॅटप्लॉटलिबच्या ३.१० पर्यंतच्या आवृत्त्या साठवणीच्या क्रमाने एकेक आकृती घेतात, तिची रुंदी मोजतात आणि पुढची तिच्या शेजारी ठेवतात. त्यामुळे ती वेलांटी ‘ज’नंतर येऊन ‘ल’च्या डोक्यावर झुकते, आणि ‘ल्ह’च्या जागी पाय मोडलेला ‘ल’ व शेजारी सुटा ‘ह’ उभा राहतो. ‘पर्जन्यमान’मध्ये ‘ज’वर चढायचा रफार खालीच पाय मोडलेला ‘र’ होऊन राहतो. शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी पहिली वेलांटी आपल्या हाताने अक्षराच्या आधी लावत असे. संगणकात ते काम हार्फबझसारखी अक्षरमांडणी करणारी लायब्ररी करते, आणि या आवृत्त्यांत आलेख व फॉन्ट यांच्यामधला तो दुवाच नाही. केवळ मराठीच नव्हे, तर हिंदी, बंगाली, तमिळ, अरबी अशा सर्वच लिपी यात अडकतात. ही मांडणी मूळ लायब्ररीत आणण्याचे काम प्रकल्पाने हाती घेतले, आणि आपल्या लिपींत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ते कोणत्याही नव्या आलेखप्रकारापेक्षा अधिक मोलाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

या आवृत्त्यांसाठी तीन मार्ग आहेत. प्रबंध लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहीत असाल, तर पीजीएफ हा बॅकएंड (आलेख प्रत्यक्ष फाइलमध्ये उतरवणारा भाग) निवडून त्यात लाटेकचा झीलाटेक हा प्रकार वापरावा. त्याची फॉन्टविषयक सेटिंग बंद करून लाटेकच्या प्रीअँबलमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगच्या ओळींत) फॉन्टस्पेक या पॅकेजच्या साहाय्याने देवनागरी फॉन्ट आणि ‘स्क्रिप्ट’ म्हणून देवनागरी असे दोन्ही नोंदवावे, कारण लिपी नोंदवली नाही तर जोडाक्षरे पुन्हा सुटी पडतात. लाटेक वापरत नसाल, तर एसव्हीजी फाइल काढावी आणि त्याआधी ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ ही सेटिंग ‘नन’ अशी करावी. एरवी मॅटप्लॉटलिब अक्षरांच्या रेषा करून टाकते आणि मोडलेला शब्द कायमचा मोडलेला राहतो. या सेटिंगमुळे मजकूर मजकूर म्हणूनच साठवला जातो आणि ब्राउझर किंवा इंकस्केप हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर तो योग्य रीतीने जुळवते. मात्र ती फाइल दुसऱ्याला देताना तो फॉन्ट त्याच्याकडेही असावा लागतो, म्हणून इंकस्केपमधून पीडीएफ करून देणे बरे. तिसरा मार्ग म्हणजे एमपीएलकैरो हा स्वतंत्रपणे विकसित झालेला बॅकएंड. तो अक्षरांची मांडणी राक्म या लायब्ररीकडून करून घेतो आणि पीएनजी चित्रातही शब्द शुद्ध उमटतात. प्रबंधासाठी मी पहिला मार्ग सुचवेन, कारण आलेखातली आणि मजकुरातली अक्षरे एकाच वळणाची राहतात.

अक्षावरचे आकडे देवनागरीत हवे असतील, तर वरीलपैकी कशाचीच गरज नाही. देवनागरी अंकांना वेलांटी नाही की जोडाक्षर नाही, त्यामुळे योग्य फॉन्ट असला की ते सरळ उमटतात. ‘फंकफॉर्मॅटर’ला इंग्रजी अंकांच्या (0 ते 9) जागी देवनागरी अंक घालणारे छोटेसे फंक्शन द्यावे, एवढे पुरते.

प्रश्न : तालुक्यातील पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी सीएसव्ही फाइलमधून घेऊन आलेख काढला. उभ्या अक्षावर ०, १२.४, ३, १०० असे आकडे कसल्याही क्रमाविना एकावर एक दाटीने येतात, आणि जूनचा काही पाऊस चक्क जानेवारी-फेब्रुवारीत दिसतो. लायब्ररीत बग आहे का? (कृषी सहायक, धाराशिव जिल्हा)

लायब्ररीत बग नाही. ही दोन्ही लक्षणे आलेखाच्या आधीच्या थरातली, म्हणजे माहितीतली आहेत.

आकडे दाटीने आणि क्रमाविना येणे याचा अर्थ मॅटप्लॉटलिबला आकडे मिळालेच नाहीत, मजकूर मिळाला. फाइलमध्ये एखाद्या दिवशी ‘नोंद नाही’ असे शब्द लिहिलेले असतील, तर पांडास ही तक्त्यांची माहिती वाचणारी पायथन लायब्ररी सहसा तो अख्खा स्तंभ मजकूर म्हणून वाचते. मॅटप्लॉटलिब मजकुराला गटांची नावे समजते आणि ती ज्या क्रमाने प्रथम भेटली त्या क्रमाने, सारख्या अंतरावर अक्षावर लावते. म्हणून १२.४ नंतर ३ आणि ३ नंतर १०० येतात. आलेख काढण्यापूर्वी स्तंभाचा ‘डीटाइप’ (माहितीचा प्रकार) छापून पाहण्याची सवय लावून घ्यावी. उपाय म्हणजे ‘टू_न्यूमरिक’ या फंक्शनने स्तंभ आकड्यांत बदलणे. ‘एरर्स’च्या जागी ‘कोअर्स’ लिहिले की न वाचता येणाऱ्या नोंदी रिकाम्या होतात. आधी आणि नंतर रिकाम्या नोंदी किती आहेत हे मात्र मोजून पाहावे, नाहीतर चुकून ‘१२,४’ असा टंकलेला पाऊसही गुपचूप नाहीसा होईल. रिकाम्या नोंदीच्या जागी शून्य भरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मापक बंद असणे आणि पाऊस न पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या नोंदीशी मॅटप्लॉटलिब रेषा तोडते आणि ती तुटलेली रेषाच खरी माहिती सांगते.

जूनचा पाऊस जानेवारीत जाण्याचे कारण तारीख लिहिण्याच्या आपल्या पद्धतीत आहे. आपण दिवस आधी लिहितो. पांडास, वेगळे सांगितले नाही तर, ०१/०६/२०२२ ही तारीख ६ जानेवारी अशी वाचते. ०२/०६ होते ६ फेब्रुवारी, आणि असे करत १२/०६ पोहोचते ६ डिसेंबरला. तेरावा महिना नसल्यामुळे पांडासच्या २.० पूर्वीच्या आवृत्त्या १३ जूनपासून पुढच्या तारखा मात्र दिवस-महिना उलटवून बरोबर वाचत असत, आणि तेही काही न बोलता. आपल्या आलेखात १३ तारखेपासूनचा पाऊस जागेवर आणि त्याआधीचा वर्षभर विखुरलेला दिसत असेल, तर हेच कारण आहे. २.० पासून एकाच स्तंभात अशी सरमिसळ झाली तर सहसा एरर येते, ही चांगली सुधारणा आहे. ‘डेफर्स्ट’ ही खूण देण्यापेक्षा तारखेचा नमुना ‘फॉर्मॅट’मध्ये पूर्ण लिहून द्यावा, त्यात अंदाजाला जागाच राहत नाही.

प्रश्न : दर तासाला नदीपातळीचे आलेख काढून पीएनजी साठवणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर सतत चालतो. दोन-चार दिवसांत मेमरी भरून तो बंद पडतो. (सॉफ्टवेअर अभियंता, सांगली)

मॅटप्लॉटलिबचा पायप्लॉट हा भाग तयार केलेली प्रत्येक फिगर (आलेखाची आकृती) आपण बंद करेपर्यंत स्वतःकडे धरून ठेवतो. फाइल साठवली म्हणून ती मोकळी होत नाही. वीसपेक्षा अधिक फिगर उघड्या राहिल्या की वॉर्निंग येते, ती आपल्या लॉगमध्ये नक्की सापडेल. ती सेटिंग बदलून वॉर्निंग गप्प करू नये. साठवून झाल्याबरोबर त्या फिगरचे नाव देऊन ‘क्लोज’ करावे, किंवा सर्व्हरवर पायप्लॉट न वापरता ‘फिगर’ हा क्लास थेट वापरावा. सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी दुसरा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लेजंडच्या (आलेखातील खुणांचा अर्थ देणाऱ्या) चौकटीतील अंतराविषयीचा एक बग दुरुस्त करून मॅटप्लॉटलिबकडे पाठवला. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण चित्रांच्या तुलनेच्या पुष्कळ चाचण्या नापास झाल्या. मी नवी चित्रे जुन्यांच्या जागी ठेवली, तर तपासणाऱ्यांनी ती परत काढायला सांगितली. असे का? (विद्यार्थी, पुणे)

आपण हे काम अंगावर घेतले याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

ही लायब्ररी जॉन हंटर यांनी सुरू केली. शिकागो विद्यापीठात मज्जाजीवशास्त्रात संशोधन करत असताना त्यांना अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतसंकेत पडद्यावर पाहायचे होते. त्यांच्या प्रयोगशाळेकडे त्यासाठीच्या विकतच्या सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता आणि त्याची हार्डवेअर किल्ली सर्वांना पाळीपाळीने वापरावी लागे. २००३ मध्ये त्यांनी मॅटप्लॉटलिब सर्वांसाठी खुली केली; २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि तेव्हापासून ती अनेकांच्या हातांनी चालू आहे. एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या २०१९ मधील चित्रामागच्या संशोधनातही ती वापरली गेली. एवढ्या लोकांचे काम जिच्यावर उभे आहे, तिच्यात एका ओळीने चौकट एका पिक्सेलने सरकली तरी कुणाचा तरी आलेख बदलतो. तुलनेच्या चाचण्या नेमके हेच पकडण्यासाठी आहेत.

प्रत्येक चाचणी आपल्या कोडने काढलेले चित्र आणि प्रकल्पाच्या कोडच्या भांडारात ठेवलेले आधारचित्र यांतला पिक्सेलचा फरक मोजते. पीडीएफ आणि एसव्हीजी यांची तुलना त्यांचे आधी पीएनजी करून होते. नापास चाचणीचा पुरावा ‘रिझल्ट_इमेजेस’ या फोल्डरमध्ये मिळतो: अपेक्षित चित्र, आपले चित्र आणि नावाच्या शेवटी ‘फेल्ड-डिफ’ असलेले फरकाचे चित्र. हे तिसरे चित्र नीट पाहावे. फरक फक्त अक्षरांच्या कडांशी असेल, तर आपल्या दुरुस्तीचा त्याच्याशी संबंध नाही. बहुधा आपल्या संगणकावर फ्रीटाइप या अक्षरे उमटवणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती वेगळी आहे. चाचण्यांसाठी प्रकल्पाने दीर्घकाळ तिची २.६.१ ही एकच आवृत्ती ठरवून ठेवलेली होती, कारण आवृत्ती बदलली की अक्षरांच्या कडांचे करडेपण बदलते. लायब्ररी प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पुन्हा बांधली की हे नापास शिक्के निघून जातात. फरक लेजंडच्या चौकटीतच असेल, तर तो आपल्या ओळीचा परिणाम आहे, आणि मग प्रश्न तांत्रिक राहत नाही: जुने अंतर चूक होते, की लोक ज्यावर विसंबून आहेत असा तो ठरलेला व्यवहार होता? व्यवहार बदलणारच असेल, तर आधी सूचना देणारी वॉर्निंग घालून किमान दोन लहान आवृत्त्या थांबायचे, असे प्रकल्पाचे धोरण आहे. ते संथ वाटेल, पण जुन्या प्रबंधाचे कोड अचानक बंद पडत नाही ते त्यामुळेच.

आधारचित्रे बदलू नका असे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत चित्राची प्रत्येक आवृत्ती इतिहासात कायम राहते, आणि भांडार उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला तो भार उचलावा लागतो. नंतरच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) चित्रे काढून टाकली तरी इतिहासातून ती जात नाहीत, म्हणून आपल्या शाखेतील सर्व कमिट एकत्र करून ती चित्रे मुळातूनच वगळावीत. नवी चाचणी लिहिताना शक्यतो ‘चेक_फिगर्स_इक्वल’ वापरावे. त्यात आधारचित्र लागत नाही; एकच आकृती दोन मार्गांनी काढायची आणि दोन्ही सारख्या येतात का ते पाहायचे. आपल्या बाबतीत एका फिगरमध्ये अंतर ठरलेल्या सेटिंगने येऊ द्यावे, दुसरीत तेच अंतर आकडा देऊन घालावे. जुन्या कोडवर ही चाचणी नापास आणि आपल्या ओळीनंतर पास होते, हे आधी स्वतः पडताळून घ्यावे आणि मगच दुरुस्ती पुन्हा पाठवावी.