वाचकांचे प्रश्न : भीतीच्या गोष्टी आणि घरची माणसं

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातला, पतपेढीत क्लार्क आहे. रात्री पोरं झोपली की भयकथा लिहितो. तीन दिवाळी अंकांत आल्या, आता एका ऑडिओवाल्यांनी करार पाठवलाय, त्यामुळे नोकरी सोडून फुलटाइम लिहावं असं फार वाटतंय. पण घरात वेगळंच होऊन बसलं. बायकोच्या माहेरच्या विहिरीवर एक कथा लिहिली, तिची आत्या त्याच विहिरीत गेली होती. अंक घरी आला तेव्हापासून बायको कामापुरतंच बोलते. सासरे म्हणतात, भुताखेतांचं लिहिणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही. काय करू?

उत्तर : दादा, नोकरीचं आधी सांगते कारण ते सोपंय. सोडू नका. रत्नाकर मतकरींनी २० वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी केली, गूढकथा, नाटकं, मुलांसाठीचं काम सगळं त्यातूनच चालू होतं, आणि १९७८ पासून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. तिकडे ब्रॅम स्टोकरचं ‘ड्रॅक्युला’ १८९७ मध्ये आलं तेव्हा तो लंडनच्या लायसियम थिएटरचा कारभार बघत होता. मी स्वतः शाळेत शिकवत शिकवतच लिहिलं, वह्या तपासून झाल्या की त्याच टेबलावर. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो, काही मानधन देतात, काही नुसता अंक पाठवतात, आणि किराणा तर दर महिन्याला भरावा लागतो ना.

ऑडिओच्या करारावर घाईत सही करू नका. किती वर्षांसाठी हक्क देताय, फक्त ऑडिओचे की पुस्तक, सिनेमा, वेबसिरीज सगळ्याचेच, ते नीट वाचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, पण ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली की मग ती ५ वर्षं कामाला येत नाहीत. पुस्तकावरचा हक्क लेखक असेपर्यंत आणि त्याच्या माघारी ६० वर्षं राहतो, म्हणजे तुम्ही तुमच्या पोरांची वस्तू देताय असं समजून वाचा.

सासऱ्यांना मतकरींचंच सांगा. लोकांची झोप उडवणाऱ्या या माणसानं १९६२ ला मुलांसाठी बालनाट्य संस्था काढली, त्यांची चिंची चेटकीण बघून पोरं हसून हसून लोळतात, आणि बायको प्रतिभाताई या सगळ्यात सोबत होत्या. भीतीचं लिहिलं म्हणून घर मोडत नाही.

पण बायकोच्या बाबतीत दादा, मला तुमचं चुकलंय असंच वाटतं, आणि हे मी स्वतः चुकून शिकलेय म्हणून सांगते. माझ्या नणंदेचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. तिनं त्याच्यासाठी हातानं शिवलेलं पिवळं झबलं, कडेला लाल दोऱ्याची टीप, ते आमच्याकडं पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं असायचं. मी कथेत पेटी घेतली, झबलं घेतलं, लाल दोरासुद्धा घेतला, फक्त नाव बदललं. कथेचं खूप कौतुक झालं. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी आलीच नाही. कडुनिंबाला झोका बांधून ठेवलेला, सासूबाई दिवसभर दाराशी बसून होत्या, मला त्यांच्याकडं बघवेना. पुढं मी चोपड्याला तिच्या घरी गेले, माफी मागितली, तर ती एवढंच म्हणाली, ‘वहिनी, तू माले इचारं नही.’ लिहिल्याचा राग नव्हताच तिला. संग्रह निघाला तेव्हा मी झबलं आणि पेटी दोन्ही काढून टाकलं. कथा थोडी पडली, पडू दे.

तुम्हीपण बायकोला साहित्य, कला वगैरे समजवायला जाऊ नका. आत्या कशी होती, काय बोलायची, हसायची कशी, हे विचारा आणि ऐकून घ्या, वही पेन न घेता. ती नाही म्हणाली तर विहिरीची कथा ऑडिओला द्यायची नाही, करार मोडला तरी चालेल.

आणि तुमच्याकडं काय भीती कमी आहे का? रात्रीची थ्री फेज लाईट असली की केळीला पाणी द्यायला तुमच्याकडचे लोक बारा एकला बागेत जातात. हातात बॅटरी, दुसऱ्या हातानं काठी आपटत, विंचूकाट्याची भीती वेगळीच. मोटर चालू झाली की तिच्या आवाजात मागून कोणी हाक मारली तरी कळत नाही, आणि मोटर बंद पडली की वाऱ्यानं फाटलेली पानं एकमेकांवर घासतात तो आवाज अगदी माणसं कुजबुजल्यासारखा. वडिलांसोबत लहानपणी गेलेय मी, अजून अंगावर काटा येतो. हे लिहा, यात कोणाच्या जखमेला हात लावावा लागत नाही.

प्रश्न : मी शहाद्याची, कॉलेजला आहे. आमच्याकडच्या डाकिणीवर भयकथा लिहितेय, गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी असं पात्र आहे. शेवटी ती खरीच डाकीण निघते. शेवट जमलाय का?

उत्तर : बेटा, शेवट बदल. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालीये, गावातून हाकललंय, आणि बऱ्याचदा मागं जमिनीचा तुकडा नाहीतर घरातलं आजारपण असतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव फिरतात, आणि आपण कथेत म्हणायचं की हो, होतीच ती डाकीण? अजिबात नको. पात्र तेच ठेव, गावही तेच, फक्त तू तिच्या झोपडीच्या आत जाऊन बस. चूल विझलेली, दाराला नुसती कडी, आणि बाहेर अंगणात एकेक माणूस येऊन उभा राहतोय, कोणीच काही बोलत नाहीये, आणि तिला त्यातल्या एकाचा खोकला ओळखू येतो, कारण लहानपणी तिनंच त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं असतं. तिथून लिहायला सुरुवात कर आणि मला पाठव.